टायटॅनियमची कल्हई

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. ज्या पदार्थाशी धातूचे पटत नाही, तो पदार्थ आणि धातू यांच्यामध्ये एक पातळ थर ठेवावयाचा, हे कल्हईचे तत्त्व. टायटॅनियम या धातूपुढील प्रश्न याच जातीचा आहे. मात्र येथे न पटणारा पदार्थ ताक नसून हवेतील प्राणवायू होय. आणि जपावयाचे आहे ते अन्न नव्हे, तर खुद्द धातूच.

१७९१ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला काळ्या वाळूत या धातूचा माग लागला. तशी वाळू केरळाच्या आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. केरळातील चवरा येथे तर २०११ साली टायटॅनियम काढण्याचा कारखाना सुरू झाला. पोलाद पाण्याच्या ७·८ पट जड, तर टायटॅनियम ४·५ पट. तरीही त्याचे मिश्रधातू अनेक पोलादांच्या तोडीचे बळकट असतात. म्हणूनच जेट इंजिनात हवा दाबणाऱ्या भागातील पाती त्यांची करतात.

हा धातू वितळतो १६६८ अंश सेंटिग्रेडला. परंतु त्याच्या मिश्रधातूंकडून दीर्घकाळ काम घ्यावयाचे तर साधारणतः ६०० अंशांपाशीच थांबावे लागते. उष्णतेने बळ ओसरते, हे एक कारण झाले. दुसरे अधिक घातक आहे. एरवी या धातूवर प्राणवायूच्या संयोगाने जे पातळ पापुद्र्याचे आवरण धरते, तेच त्याचे रक्षण करते. तापमान वाढले की हे आवरण जाड व सच्छिद्र होते आणि प्राणवायू आत शिरून धातूतच विरघळतो. त्यामुळे पृष्ठभाग कठीण, पण ठिसूळ बनतो. फिरत्या पात्यावर सतत ताण पडत असतो. तेथे या ठिसूळ सालीला गेलेली बारीक चीर हळूहळू आत पसरते.

तेव्हा लेपाचे मुख्य काम उष्णता अडविण्याचे नसून प्राणवायू अडविण्याचे आहे. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड हे काम उत्तम करते. म्हणून टायटॅनियमच्या पृष्ठभागात ॲल्युमिनियम मुरवितात. तापल्यावर त्यावर या ऑक्साइडची घट्ट साय धरते. सिलिकॉनचाही असाच उपयोग करतात. काही ठिकाणी एनॅमलच्या थाळीवर असतो तसा काचेचा लेप भाजून बसवितात.

पण खरी अडचण पुढेच आहे. तापल्यावर धातू आणि लेप सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. एनॅमलची थाळी आपटली की टवका उडतो. येथे वारंवार तापण्यानिवण्यानेच लेपाला तडे जाऊ शकतात. ॲल्युमिनियमचे प्रमाण फार झाले तर लेप स्वतःच ठिसूळ होतो, आणि त्याची चीर खालच्या धातूत उतरली म्हणजे 'रोग परवडला, पण औषध नको' अशी अवस्था होते. म्हणून लेपाची परीक्षा केवळ भट्टीत करून भागत नाही. लेप दिलेला तुकडा तापवून, निववून, ताण देऊन पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. भांड्याची कल्हई उडालेली डोळ्यांना दिसते. आकाशात फिरणाऱ्या पात्याची दिसत नाही. त्या पात्याच्या भरवशावर शेकडो माणसे निर्धास्त बसलेली असतात. म्हणून ही परीक्षा जमिनीवरच, आणि निष्ठुरपणे, व्हावयास हवी.