नॉर्वेचा प्रवास आणि प्रवाशाची सुरक्षितता
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी नॉर्वे देशाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हास केली, तेव्हा तेथील सृष्टिसौंदर्याचे वर्णन ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असावी. ते सौंदर्य थोर आहे यात संशय नाही. तथापि आज आम्ही मुद्दाम निराळा विषय घेतला आहे. एके काळी समुद्रोल्लंघन करावे की नाही आणि केल्यास प्रायश्चित्त कोणते घ्यावे, यावर ज्ञातीच्या सभांतून कडाक्याचे वाद होत असत. आज आपली मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी उत्तर युरोपात राहतात, आणि त्यांच्या मागोमाग आईवडीलही तिकडे जाऊन येतात. जावे की न जावे हा प्रश्न आता उरलेला नाही. गेलेले माणूस सुखरूप परत कसे येईल, हा प्रश्न मात्र आहे.

डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या तीन देशांस मिळून स्कँडिनेव्हिया म्हणतात. त्यांपैकी नॉर्वेची निवड आम्ही केली, कारण तेथील धोके आपल्या नजरेस सहसा धोके म्हणून दिसतच नाहीत. परदेशी निघालेल्या माणसास आपण निरोप देताना सांगतो, ते चोरापासून जपण्यास. ते योग्यच आहे. ऑस्लोच्या मध्यवर्ती स्थानकावर किंवा उन्हाळ्यात प्रवासी जहाजे लागतात त्या बर्गेनच्या धक्क्याजवळ खिसेकापू असतात. म्हणून पारपत्र व पैसे अंगाजवळ ठेवावेत आणि पारपत्राची एक प्रत निराळी बाळगावी. 22 जुलै 2011 रोजी एका अतिरेक्याने ऑस्लोत व उटोया बेटावर 77 जणांचे प्राण घेतले, हेही विसरता येत नाही. तरीसुद्धा त्या देशात सामान्य प्रवाशास मनुष्यापासून भय थोडे आहे. भय आहे ते थंडी, पाणी, बर्फ आणि उतार यांचे. आणि त्याहून अधिक आपल्या स्वतःच्या घाईचे.

डोंगराचेच उदाहरण घेऊ. सह्याद्रीतील गडकिल्ले चढलेल्या आपल्या तरुणांस नॉर्वेचे डोंगर किरकोळ वाटतात. आपले कळसूबाई 1646 मीटर उंच. लिसे फ्योर्डवरील प्रेकेस्टोलेन हा प्रसिद्ध कडा अवघा 604 मीटर. परंतु ही तुलना फसवी आहे. कळसूबाईवर पावसात भिजलेला माणूस कुडकुडत खाली उतरतो आणि गरम चहा घेतला की सावरतो. नॉर्वेत वृक्षरेषा फार खाली आहे. तिच्या वर आडोसा नाही, आणि सकाळी स्वच्छ ऊन असले तरी दुपारी धुके, वारा व गारठलेला पाऊस येऊ शकतो. अंगावरचे सुती कपडे एकदा भिजले की शरीरातील ऊब झपाट्याने निघून जाते. लोकर भिजली तरी पुष्कळशी ऊब राखते. म्हणून आत लोकर आणि बाहेर वारा-पाऊस अडविणारा अंगरखा, हा तेथील पोशाख होय. प्रेकेस्टोलेनच्या कड्याला कठडा नाही, हेही ध्यानात असावे. ट्रोलटुंगा या दुसऱ्या कड्याची वाट शेग्गेडालपासून जाऊन-येऊन सुमारे 27 किलोमीटरांची आहे आणि तिला आठ ते बारा तास लागतात. केवळ एका छायाचित्रासाठी साध्या बुटांनी, पाण्याच्या एका बाटलीवर निघालेल्या माणसाची तेथे काय अवस्था होईल, हे सांगणे नको.

हे धोके त्या लोकांनीही किंमत मोजूनच ओळखले आहेत. 1967 सालच्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत 18 माणसे दगावली. त्यानंतर रेडक्रॉस आणि तेथील पर्यटन संघ यांनी डोंगरात वागण्याच्या नियमांचा प्रसार देशभर केला. 2016 साली त्यांची फेरमांडणी झाली. हे नियम नऊ आहेत. सहलीची आखणी करावी व आपली वाट कोणास तरी सांगून जावी. आपल्या शक्तीनुसार व त्या दिवसाच्या परिस्थितीनुसार बेत करावा. हवामानाचा व हिमस्खलनाचा इशारा पाहावा. लहानशा फेरीतही वादळ व गारठा यांची तयारी असावी. स्वतःस व दुसऱ्यास उपयोगी पडेल असे सामान जवळ असावे. निर्धोक वाट निवडावी. नकाशा व होकायंत्र वापरावे. वेळीच परत फिरावे, त्यात कमीपणा नाही. आणि शक्ती राखून, गरज पडल्यास आसरा घ्यावा. नॉर्वेतील लहान मुलासही हे ठाऊक असते.

या नऊंपैकी आठवा नियम आपल्यासाठी सर्वांत कठीण आहे. आपण वर्षानुवर्षे पैसा साठवितो, विमानाचे भाडे भरतो, चार दिवसांची रजा काढतो. मग पाऊस आला म्हणून शिखर न पाहता परतावे, हे मनास पटत नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा रणांगणावर शोभत असेल. धुक्यात हरवलेल्या वाटेवर त्याचा उपयोग नाही. तेथे ‘शिर सलामत तर पगडी पचास’ हेच खरे. नॉर्वेचा जगप्रसिद्ध संशोधक रोआल्ड अमुंडसेन 8 सप्टेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवाकडे निघाला. थंडीचा कडाका असह्य झाल्यामुळे तो तळावर परत आला, ऑक्टोबरात पुन्हा निघाला आणि 14 डिसेंबर रोजी चार सोबत्यांसह ध्रुवावर पोहोचला. परत फिरल्यामुळे त्याच्या कीर्तीस उणेपणा आला नाही.

हिमनद्यांच्या बाबतीत तर अधिकच सावध असावे. योस्टेडाल्सब्रेन ही युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठी हिमनदी. तिच्या निगार्डस्ब्रेन या फाट्यापाशी 2014 साली बर्फाचा कडा कोसळून एका जर्मन कुटुंबातील पतिपत्नी आपल्या मुलांच्या देखत मरण पावली. हिमनदीचे तोंड स्थिर दिसते, परंतु ती सतत सरकत असते. बर्फ केव्हा तुटेल हे कोणीही सांगू शकत नाही. सबब तेथील दोर व फलक यांच्या पलीकडे पाऊल टाकू नये आणि जाणत्या वाटाड्यावाचून बर्फावर चढू नये. वीजनिर्मितीसाठी अडविलेल्या नद्यांचे पाणीही एकाएकी वाढते. काठावरील इशाऱ्याचा फलक वाचावा. लहान नौकेतून जाताना प्राणरक्षक जाकीट घालावे. आठ मीटरांहून लहान नौका चालू असता ते घालणे 2015 पासून कायद्यानेच आवश्यक आहे. फ्योर्डचे पाणी इतके थंड असते की उत्तम पोहणाराही त्यात लवकर लुळा पडतो.

आता घरातील वडीलधाऱ्यांविषयी. तरुण माणूस सहलीचा हंगाम निवडू शकतो. परंतु लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणास निघालेल्या आईस तो निवडता येत नाही. ती बहुधा ऐन हिवाळ्यातही जाऊन पोहोचते. तिला डोंगराचे भय नाही. भय आहे ते दाराबाहेरच्या पायरीचे. वितळून पुन्हा गोठलेला बर्फ काचेसारखा होतो आणि साठीनंतर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे या सभेत सांगावयास नको. बुटाखाली चढवावयाचे खिळ्यांचे पट्टे तेथे दुकानात सहज मिळतात; मुलांनी ते आई येण्यापूर्वीच आणून ठेवावेत. हिवाळ्यात दिवस अतिशय लहान असतो. उत्तरेकडील ट्रोम्सो येथे तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. म्हणून तेथील लोक कोटावर व दप्तरावर प्रकाश परतविणारी चकती लावतात. काळ्या कोटातील माणूस मोटारचालकास दिसत नाही. चकती दुरूनच दिसते. वस्तू क्षुल्लक, परंतु जीव वाचविणारी आहे.

मोटार चालविणाऱ्यांस थोडक्यात सांगतो. वाहने उजव्या बाजूने जातात. दिवसाही दिवे लावावेच लागतात. मद्याची मर्यादा इतकी कडक आहे की एक पेलाही घेऊन चाकामागे बसू नये. संध्याकाळी एल्क हा मोठा सांबरासारखा पशू अकस्मात रस्त्यावर येतो. हिवाळ्यात घाटरस्ते बंद होतात, किंवा बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागून रांगेने जावे लागते. तेथे घाई करू नये. उत्तरप्रकाश पाहण्यासाठी रस्त्यातच गाडी थांबवू नये. उन्हाळ्यात याच्या उलट प्रकार होतो. मध्यरात्रीही ऊन असल्यामुळे थकवा कळत नाही आणि माणूस झोपेविना गाडी हाकीत राहतो. त्या दिवसांत घड्याळ पाहून विसावा घ्यावा.

संकट आलेच तर तीन क्रमांक पाठ असावेत: आगीसाठी 110, पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 113. प्राणावर बेतले नसेल, पण डॉक्टर हवा असेल, तर 116117. डोंगरात अडकलेल्यास सोडविण्याचे पैसे तेथे मागत नाहीत. म्हणून खर्चाच्या भीतीने किंवा संकोचाने मदत मागण्यास उशीर लावू नये. रुग्णालयाचा खर्च मात्र पाहुण्यास जड जातो. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतोच. तो केवळ कागद समजू नये, त्यात जुन्या दुखण्यांस संरक्षण आहे की नाही हे निघण्यापूर्वी वाचावे. नेहमीची औषधे पुरेशी न्यावीत आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी, कारण येथे सहज मिळणारी कित्येक औषधे तेथे चिठ्ठीवाचून मिळत नाहीत.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतून पूर्वी गावाला गेलेल्या माणसाचे पोहोचल्याचे पत्र येईपर्यंत घरच्यांच्या जिवात जीव नसे. ती रीत आज फोनवर सोपी झाली आहे. पण पोहोचल्यानंतर कळविण्याइतकेच निघण्यापूर्वी वाट सांगणे महत्त्वाचे आहे. तेथील मुलांनी सहलीस निघताना कोठे जातो व केव्हा परततो, हे शेजाऱ्यास किंवा मित्रास सांगावे; हजारो मैलांवरच्या आईस सांगून तातडीची मदत धाडता येत नाही. आणि आपण येथील वडीलधाऱ्यांनीही एक गोष्ट करावी. मुलाचा फोन आला की ‘वरपर्यंत गेलास का? फोटो कोठे आहे?’ असे प्रथम विचारू नये. ‘सुखरूप परतलास ना?’ हे विचारावे. अर्ध्या वाटेवरून परतलो असे त्याने सांगितले, तर त्यास शाबासकी द्यावी. घरून अशी शाबासकी मिळते हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे पाऊल धुक्यात वेळीच मागे वळेल.