पेरताना जकात, वेचताना माफी

(परतूर येथे तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला बोलायला उभं केलं की लोकांना वाटतं, आता बोंडअळी निघणार, नाही तर खताची मात्रा. शेतकी कॉलेजात आम्ही चार वर्षं तेच शिकलो. मातीचा सामू शिकलो, दोन झाडांतलं अंतर शिकलो. पण ज्या एका कागदानं क्विंटलमागे पाचशे रुपये खालीवर होतात, त्या कागदावर एकही धडा नव्हता. तो कागद म्हणजे आयात शुल्काची अधिसूचना. साध्या भाषेत, परदेशातून येणाऱ्या मालावरची जकात. आज तिच्यावर बोलायचं आहे.

जकात आपल्याला नवीन नाही. आपला मुलूख निजामाचा होता. संस्थानाच्या हद्दीवर नाके होते आणि त्या खात्याला म्हणत करोडगिरी. माल आत आला की कर, बाहेर गेला की कर. निजाम गेला, नाके उठले. मग 1972 पासून आपल्याच राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. कापूस सरकारलाच घालायचा. आदिलाबादला किंवा बऱ्हाणपूरला चार पैसे जास्त मिळतात म्हणून नेला, तर गुन्हा. जवळपास तीन दशकं हे चाललं. नाका पुन्हा उभा राहिला, फक्त पाटी बदलली.

तिसरा नाका बंदरावरचा. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याचा हिशोब नीट समजून घ्या.

परदेशातून रुई मागवली की जकात परदेशातला व्यापारी भरतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जकात मागवणारा भरतो, म्हणजे इथली सूतगिरणी किंवा इथला व्यापारी. मालाची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा यांची बेरीज होते आणि त्या बेरजेवर जकात बसते. 2021 च्या फेब्रुवारीत, अर्थसंकल्पात, कापसावर ती पुन्हा बसवली: 5 टक्के मूळ शुल्क, 5 टक्के कृषी पायाभूत सुविधांचा अधिभार, आणि या दोन्हींवर दहावा हिस्सा समाजकल्याणाचा, म्हणजे 1 टक्का. एकूण 11. त्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, पण तो गिरणीला पुढच्या व्यवहारात वळता करून मिळतो. खरा बोजा 11 टक्क्यांचाच.

आता या 11 टक्क्यांचा आपल्या गाडीशी काय संबंध? सोयीसाठी धरा, परदेशी रुई बंदरावर 150 रुपये किलोनं पडली. 11 टक्के म्हणजे साडेसोळा रुपये. गिरणीला ती 166 रुपये 50 पैशांना पडली. तेवढ्या भावापर्यंत इथली रुई घ्यायला ती तयार राहील. जकात उठली की ती म्हणणार, मला 150 ला बंदरावर मिळते. आपल्या एका क्विंटल कापसातून जिनिंगला साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. 34 ला साडेसोळानं गुणा. 561 रुपये. कोरडवाहूत एकरी 5 क्विंटल धरले, तर एकराला 2,805. आपल्याकडं वेचणीची मजुरी भागवताना एवढ्या रकमेसाठी किती ओढाताण होते, ते मायबहिणींना विचारा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. जकात असली म्हणजे हे 561 रुपये आपल्या खिशात पडतातच, असं नाही. देशात रुई उरत असेल आणि बाहेर जात असेल, तर भाव बाहेरच्या गिऱ्हाईकाच्या हातात. जकात कागदावरच राहते. पण कमी पडत असेल आणि गिरण्या बाहेरून आणत असतील, तर जकात बोलते. 2024-25 च्या हंगामात आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली. म्हणून आता ती बोलते आहे.

आता तारखा बघा. 28 मे 2025 ला केंद्रानं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव जाहीर केला, 8,110 रुपये. जकात 11 टक्के होती. ते बघून आपण मृगात सरकी टोबली. बियाणं घेतलं, डीएपी घेतलं, पीककर्ज उचललं. पोळ्याच्या तोंडावर, 19 ऑगस्टला, जकात माफ झाली, 30 सप्टेंबरपर्यंत. आम्ही म्हटलं, ठीक आहे, आपली बोंडं फुटायच्या आत मुदत संपते. गणपती बसले त्याच आठवड्यात मुदत वाढली, 31 डिसेंबरपर्यंत. दसरा ते डिसेंबर म्हणजे आपली पहिली आणि दुसरी वेचणी. घरात साठवायला जागा नसलेला शेतकरी कापूस विकतो तो याच दिवसांत. त्यात त्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. कापूस भिजला, आणि 12 टक्क्यांवर ओल गेली की सीसीआय घेत नाही. मग उरला खासगी व्यापारी, आणि त्याच्या हातात बंदराचा भाव.

कोणी म्हणेल, अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के कर लावला, तो 27 ऑगस्टपासून लागू झाला, कापडवाल्यांना आधार द्यायला नको का? द्या. सूतगिरणी आपली वैरी नाही. ती बंद पडली तर रुई घेणार कोण? पण निर्यातीचा माल बनवणाऱ्याला लागणारा कच्चा माल बिनजकातीनं आणायची सोय आधीपासून आहे, तिला ॲडव्हान्स ऑथरायझेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात 51,000 टन कापूस बिनजकातीचा, हेही आधीच ठरलेलं. 32 मिलिमीटरहून लांब धाग्याची जकात फेब्रुवारी 2024 मध्ये उठवली, त्यावर आम्ही ओरडलो नाही, कारण तो धागा आपल्या कोरडवाहूत होत नाही. छोट्या गिरण्यांना कागदपत्रं जड जातात, हे खरं. मग ती सोपी करा. त्यासाठी सगळ्यांनाच सरसकट दार उघडायची गरज नव्हती.

परदेशी माल आला म्हणजे वाईट, असं आम्ही कधी म्हणालो नाही. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर आली. इथल्या म्हाताऱ्यांनी तिच्या भाकरी खाल्ल्यात. पोटाला लागली तेव्हा आणली, कोणी नावं ठेवू नयेत. आमचं भांडण नियमाशी आहे. दार उघडं ठेवायचं तर दोन्ही बाजूंनी ठेवा. पण एप्रिल 2010 मध्ये भाव चढले, तेव्हा आपल्या रुईच्या निर्यातीवर टनाला 2,500 रुपये कर बसला आणि दहा दिवसांत निर्यातीची नोंदणीही थांबवली. मार्च 2012 मध्ये पुन्हा निर्यातबंदी. 2022 मध्ये भाव दहा हजारांवर गेला, तर 14 एप्रिलपासून आयात शुल्क माफ. भाव चढला की सरकार मध्ये येतं. भाव पडला की म्हणतं, बाजार आहे, आम्ही काय करणार. कापसातल्या तुरीच्या ओळीचंही तेच. मे 2021 मध्ये तुरीची आयात मोकळी केली आणि मग मुदतीमागून मुदत वाढत गेली.

म्हणून मागणी एकच ठेवू, आणि ती साधी आहे. हमीभाव पेरणीआधी जाहीर होतो, तशी जकातही पेरणीआधी जाहीर करा. मे महिन्यात सांगा 11 टक्के, किंवा सांगा शून्य. शून्य म्हणालात तर आम्ही विचार करू, कापूस किती लावायचा, सोयाबीन किती, ज्वारी किती. पण एकदा सांगितलं की पुढच्या मेपर्यंत अधिसूचना बदलायची नाही, मुदत वाढवायची नाही, निर्यातही अडवायची नाही. हंगामात बदललीच, तर पडलेला फरक शेतकऱ्याला मोजा आणि सीसीआयचं केंद्र पहिल्या वेचणीला उघडा.

हे दिल्लीला कळवायचं काम आमचं. गावातलं काम तुमचं. प्रत्येक गावात, जिथं लोक बसतात त्या भिंतीवर, खडूनं तीन आकडे लिहा: रुईचा भाव, सरकीचा भाव, आणि जकात किती. रुई गुणिले 34, सरकी गुणिले 64, बेरीज करा, जिनिंगचा खर्च आणि भाडं वजा करा. पोरं दहावी-बारावी शिकलीत, मोबाईलवर करतील. मोंढ्यात गाडी न्यायच्या आधी हा आकडा खिशात असू द्या. व्यापारी म्हणाला, बाहेरून माल आला, भाव पडला, तर विचारा, किती आला, किती टक्क्यांनी पडला? पहिल्या दिवशी तो हसेल. दहा जणांनी तेच विचारलं की हसायचा थांबेल.

आणि एक. जालन्याजवळ ड्रायपोर्टचं भूमिपूजन डिसेंबर 2015 मध्ये झालं. ड्रायपोर्ट म्हणजे समुद्र नसलेल्या गावातलं बंदर. माल तिथंच कस्टमला दाखवायचा, पेटी तिथंच सील करायची. म्हणजे तिसरा नाका आता आपल्याच जिल्ह्याच्या दारात. त्या दारातून फक्त आतच माल येणार, की आपली रुई आणि सरकीची पेंड बाहेरही जाणार, हे ठरताना आपण तिथं असलं पाहिजे. आणि हिशोब आपल्याला तोंडपाठ पाहिजे.

चला, खडू घ्या.