तुटली तरी चालू राहणारी तार



"तू काय काम करतेस ते सांग," असं संयोजक म्हणाले. काम सॉफ्टवेअरचं, पण बोलणार आहे रबराबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमची टीम छातीवर चिकटवायच्या एका पट्टीचं सॉफ्टवेअर लिहीत होती. पट्टी हृदयाचे ठोके मोजायची. मधेच ठोके गायब व्हायचे आणि रात्री अडीचला नर्स धावत यायची. तीन आठवडे मी कोडमध्ये चूक शोधली. एका नवख्या मुलाला सगळ्यांसमोर बोललेसुद्धा. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, तांब्याच्या रेषेला बारीक चीर. पेशंट सरळ निजला की ती जुळायची, कुशीवर वळला की उघडायची. त्या मुलाची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर.

आपण भंडाऱ्याचे. पितळेच्या भांड्याला भेग पडली की झाळून आणायची, हे आपण घरोघरी पाहिलंय. पण माणसाच्या छातीवर झाळणार कोण?

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कार्मेल मजिदी यांच्या गटाने २०१८ मध्ये यावर एक उपाय दाखवला. मऊ रबरात गॅलियम-इंडियम या पातळ मिश्रधातूचे सूक्ष्म थेंब मिसळायचे. दाब देऊन हवी तिथे थेंब जोडले की तिथे विजेची वाट तयार होते. रबर कापलं की कडेचे थेंब फुटून एकमेकांना मिळतात आणि वीज वळसा घेऊन जाते. अशी मिश्रणं शाईसारखी छापण्याचे प्रयोगही होत आहेत. रबर मात्र कापलेलंच राहतं.

कापलेलं अंगच सांधणारा पदार्थ शोधताना आपली माणसं भेटली. २०१२ च्या एका शोधनिबंधावर, सॅन दिएगोच्या शास्त्रज्ञांबरोबर, डॉ. रघुनाथ माशेलकर आणि आशीष लेले ही नावं आहेत. पाणी धरून ठेवणारी त्यांची जेल आम्लात कापलेल्या कडेला कड लावताच काही सेकंदांत जुळते. तिच्या रेणूंना लोंबते हात असतात. हात फार आखूड असले तर पलीकडे पोहोचत नाहीत, फार लांब असले तर आपसातच गुंततात. (मागच्या बाकावरच्यांनी हसू नये.) म्हणून हातांची लांबी नेमकी हवी. सारी मेहनत त्या मोजमापात आहे. पण जेल वाळते, आणि आम्ल काही छातीवर ओतता येत नाही. त्यामुळे आमच्या पट्टीला ती अजून उपयोगाची नाही. आम्ही सध्या तांब्याची रेष नागमोडी करून भागवतो.

जाता जाता एक गंमत. गॅलियम सुमारे तीस अंशांना वितळतं. आपल्या मे महिन्यात ते कपाटातच पाणी होईल. आज थंडी आहे, म्हणून घट्ट आहे. छोटी बाटली आणली आहे. चहाच्या वेळी मुठीत धरून बघा. फक्त हॉलच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना लावू नका. त्या धातूला ते ठिसूळ करतं, आणि मुख्याध्यापक मलाच बोलावतील.