मुलांच्या मनाची वास्तपुस्त
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



 मी पंडित नव्हे, वैद्य तर नव्हेच. मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाचे शिक्षण, एवढीच माझी विद्या. तथापि सारे आयुष्य मुलांच्या सहवासात गेल्यामुळे त्यांच्या एका दुःखाविषयी बोलण्याची मुभा आपण मला द्याल, अशी उमेद आहे. आपल्या मुलामुलींचे मनःस्वास्थ्य आणि त्या बाबतीत ज्ञातीचे कर्तव्य, हा माझा विषय होय.

आपल्यासारख्या संस्था कशासाठी जन्माला आल्या, याचे प्रथम स्मरण करू. १९०१ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहाचा पाया घातला आणि पुढे तेथे निरनिराळ्या जातिजमातींची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाच्या ठिकाणी बुद्धीची वाण नव्हती. शहरात राहावयास जागा आणि दोन वेळचे अन्न मात्र नव्हते. ‘मुलगा हुशार असेल तर आपली वाट आपण काढील’, असे म्हणून त्या काळच्या पुढाऱ्यांनी अंग काढून घेतले नाही. त्यांनी अडथळा ओळखला आणि तो दूर केला. आज अन्नाची आणि निवाऱ्याची अडचण पुष्कळ अंशी सरली आहे. परंतु मुलांच्या वाटेत आज जो अडथळा उभा आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो ओळखणेच अधिक कठीण झाले आहे.

तो किती मोठा आहे, हे दोन आकड्यांवरून ध्यानी येईल. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत मनःस्वास्थ्याची पाहणी केली. तीत १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ७.३ मुलांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात अशी चार मुले बसलेली असतात. दुसरा आकडा सांगताना जीभ जड होते. २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपविले, अशी सरकारी नोंद आहे. आणि सर्व राज्यांत आपल्या महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. मनोविकारांपैकी एकतृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वीच सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यास्तव हा विषय मोठेपणी पाहू असे म्हणण्याजोगा नाही.

शिक्षकाला हे दुःख कसे दिसते? मूल येऊन ‘माझे मन आजारी आहे’ असे कधीच म्हणत नाही. ते म्हणते, ‘पोट दुखते.’ परीक्षेच्या सकाळी त्याला उलटी होते. पहिल्या बाकावरचा मुलगा हळूहळू शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. डबा उघडला जात नाही. एरवी हसतमुख असलेली मुलगी क्षुल्लक कारणावरून अंगावर येते. अशी लक्षणे दोन-चार दिवस दिसली तर काळजीचे कारण नाही. तो वयाचा धर्म आहे. परंतु ती दोन-तीन आठवडे टिकली, झोप आणि जेवण बिघडले, आवडते खेळही नकोसे झाले, तर तो आळस नव्हे, नाटक नव्हे आणि केवळ मोबाइलचा परिणामही नव्हे, हे जाणावे.

आठवीतल्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. तिला रोज शाळेच्या वेळेस पोटात कळ येई. घरच्यांनी औषधे केली, पथ्य केले, अंगारेधुपारे केले. त्यात चार महिने गेले. अखेर सरकारी रुग्णालयातील एका समंजस डॉक्टरीणबाईंनी मुलीशी एकटीशी बोलून दुखण्याचे मूळ शोधले. ते पोटात नव्हते, भयात होते. योग्य उपचारांनी मुलगी बरी झाली, पुढे शिकली. पण निदान ऐकताच तिच्या मातेने पहिला प्रश्न काय केला असेल? ‘बाई, हे कागदावर लिहू नका. उद्या हिचे लग्न व्हायचे आहे.’

बंधुभगिनींनो, त्या माउलीला मी यत्किंचितही दोष देत नाही. तिला भय रोगाचे नव्हते, आपले होते. आपल्या ज्ञातीत सोयरीक जुळविताना घराण्याची सात पिढ्यांची चौकशी होते आणि ती चौकशी करणारे आपणच असतो. मावशीच्या कानी गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन गावांत पोहोचते. म्हणूनच मुलाचा हात मोडला तर आपण त्याला दवाखान्यात नेतो, आणि मन मोडले तर दार लावून घेतो. ज्या ज्ञातीने आधार द्यावयाचा, तिच्याच धाकाने औषध लांबते. वैवाहिक जीवनात प्रामाणिकपणा हवा, गंभीर दुखणे जोडीदारापासून लपवू नये, हे खरेच. परंतु पंधराव्या वर्षी येऊन गेलेल्या खिन्नतेचा डाग जन्मभर वागवावा लागणे, हा न्याय नव्हे.

मग सामान्य माणसांनी काय करावे? हे काम केवळ तज्ज्ञांचे, असे पुष्कळांना वाटते. अनुभव निराळा आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेत डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकाची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांना शिक्षण देऊन समुपदेशक म्हणून तयार केले; त्यांच्या साहाय्याने खिन्नतेच्या रुग्णांना गुण येतो, असे शास्त्रीय कसोटीवर दिसून आले. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तर हे काम आजीबाईंवर सोपविले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक असतो; त्यावर शिकवून तयार केलेली आजी बसते आणि दुःखी माणसाचे ऐकून घेते. तेथील शोना भाषेत या विकाराला जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘फार विचार करणे’ असा होतो. आपल्या घरी तरी दुसरे काय म्हणतात? ‘पोरगा हल्ली फार विचार करतो’, असेच ना?

मात्र या आजी शिकवून तयार केलेल्या असतात आणि ऐकलेले पोटात ठेवतात, हे विसरू नये. नुसत्या वडीलकीच्या अधिकाराने ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणून सुरुवात करणारा माणूस मुलाचे ओठ कायमचे शिवून टाकतो.

या दृष्टीने मंडळापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली अशी की, आपल्या वसतिगृहाचे व्यवस्थापक आणि दोन स्वयंसेवक यांना या कामाचे रीतसर शिक्षण द्यावे. मुलांशी बोलणारा समुपदेशक मात्र ज्ञातीबाहेरचा असावा; आत्याला ओळखणाऱ्या माणसापाशी कोणता मुलगा मन मोकळे करील?

दुसरी, शिष्यवृत्ती निधीप्रमाणे उपचारांसाठी एक लहानसा निधी काढावा. शिष्यवृत्ती घेणाऱ्यांची नावे आपण वार्षिक अहवालात छापतो. या निधीचा मात्र केवळ खर्चाचा आकडा छापावा, नाव कदापि छापू नये.

तिसरी, निकालाच्या आठवड्यात दूरध्वनी करून ‘किती टक्के पडले?’ हा प्रश्न विचारण्याची रूढी आपण बंद करावी. आजच्या समारंभात ज्यांना पारितोषिके मिळाली त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. पण ज्यांचे नाव या यादीत नाही, तीही आपलीच लेकरे आहेत. त्यांच्याकडे पेढ्यांची अपेक्षा न ठेवता जेवावयास जावे.

चौथी, आपल्या वधूवर सूचक समितीने, उपचार घेतले एवढ्याच कारणास्तव कोणाचे स्थळ बाजूस सारले जाणार नाही, असा ठराव करावा. या ठरावाला एक पैसाही खर्च नाही. पण माझ्या मते चौघांत तोच अधिक मोलाचा आहे.

कायदाही आज आपल्या बाजूस आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांचा आणि गुप्ततेचा हक्क दिला आहे. आरोग्य विम्यात मनोविकारांना शारीरिक रोगांप्रमाणेच स्थान द्यावे, असेही त्यात सांगितले आहे. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे मानून त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. आणखी एक गोष्ट माताभगिनींना मुद्दाम सांगतो. मूल ‘जगावेसे वाटत नाही’ असे म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. जीव देण्याचे विचार मनात येतात काय, असे मायेने आणि स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार मनात शिरत नाहीत. उलट मुलाचा भार हलका होतो. मग त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आपल्या पूर्वजांनी परक्या शहरात आलेल्या मुलाला ‘जेवलास का?’ म्हणून विचारले, आणि तेवढ्या एका प्रश्नातून ही वसतिगृहे उभी राहिली. आता ‘बरा आहेस ना?’ हा प्रश्न विचारण्याची आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याची पाळी आपली आहे.