ओळ कोणाची, मार कोणाला



अध्यक्षाने चार गोड शब्द बोलून हार स्वीकारावा, ही आपली रीत. आज ती मोडतो. एखादा विनोद, एखादी ओळ, एखादे व्यंगचित्र झोंबले की आपण म्हणतो, 'बोलणाऱ्याला त्याच्या शब्दांची किंमत मोजावी लागली.' हे धादांत खोटे आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत महाराष्ट्रात शब्दांवरून जी मोठी रणे माजली, त्यांत मार बहुतेकदा त्यालाच बसला, ज्याने ते शब्द लिहिलेही नव्हते आणि उच्चारलेही नव्हते.

2003 साल घ्या. जेम्स लेन या अमेरिकी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकात लोकांतल्या एका कुजबुजत्या विनोदाचा दाखला होता. पुराव्याचा लवलेश नसलेली कुचाळकी संशोधनाच्या ग्रंथात यावी, ही अभ्यासकाला न शोभणारी गोष्ट होती. इतिहासाच्या जाणकारांनी प्रकाशकाला तसे खडसावून कळवले आणि नोव्हेंबरातच पुस्तक भारतातून मागे घेतले गेले. शब्दाला शब्दाने उत्तर मिळाले होते; प्रकरण तिथे मिटायला हवे होते. पण डिसेंबरात पुण्यात संस्कृतचे विद्वान श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळे फासले गेले. त्यांचा अपराध काय, तर लेखकाने पुस्तकात त्यांचे आभार मानले होते! 5 जानेवारी 2004 रोजी जमाव भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत घुसला. कपाटे फुटली, ग्रंथ आणि हस्तलिखिते जमिनीवर आली. ज्या वास्तूत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिथे हे घडले. लेखक मात्र तिकडे अमेरिकेत सुखरूप होता. फोडणाऱ्या हातांपैकी किती हातांनी ते पान उलटून पाहिले असेल?

नोव्हेंबर 2012, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर बंद कशाला, असे एका तरुणीने फेसबुकवर विचारले. मैत्रिणीने त्याला 'लाइक' दिले. अटक दोघींना झाली आणि मोडतोड झाली ती लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची. मार्च 2025, खार. उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत म्हटले कुणाल कामराने, खुर्च्या तुटल्या त्या जागा देणाऱ्या स्टुडिओच्या, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे हातोडेही तिथेच पोहोचले. ज्याचे आभार मानले तो, जिने अंगठा दाखवला ती, काका, जागामालक. याला माणसाची पारख त्याच्या शब्दांवरून करणे म्हणायचे? हे हाताशी सापडेल त्याला बडवणे आहे. शब्द फक्त निमित्ताला लागतो, आणि निमित्त कोणी वाचत बसत नाही.

आपण साहित्यिक तरी वाचतो का? 2009 साली महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांना 'संतसूर्य तुकाराम'वरून उठलेल्या वादळात माफी मागावी लागली, कादंबरी मागे घ्यावी लागली, पद सोडावे लागले. संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले. वारकऱ्यांचा राग मी खोटा म्हणत नाही. पण त्या मांडवात कादंबरीवर, तिच्या पानांवर, साधकबाधक चर्चा होऊ शकली असती. ती टाळून आपण जेवणाच्या पंक्ती उठवल्या.

आता आक्षेप. पहिला, आणि खरा वजनदार: शब्द जखमा करतात, हजारो वर्षे हिणवल्या गेलेल्यांना तुम्ही सहिष्णुता शिकवणार का? मुळीच नाही. 1989चा अत्याचार प्रतिबंधक कायदा मला पूर्ण मान्य आहे, कारण तो वाचतो. कोण बोलले, कोणाला बोलले, जातीवरून अपमान करण्याचा हेतू होता का, चारचौघांच्या देखत घडले का, हे सगळे तो विचारतो. जमाव यातले काहीच विचारत नाही. 2012 मध्येच पाठ्यपुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. गोगलगायीवर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. ते चित्र पाहून दलित वाचकाच्या पोटात कालवाकालव झाली असेल, तर त्यावर 'विनोदबुद्धी नाही' म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मला कीव येते. पण चित्र शंकर यांनी 1949 च्या सुमारास काढलेले, आणि पुणे विद्यापीठात कार्यालय फुटले पाठ्यपुस्तकाच्या सल्लागारांपैकी सुहास पळशीकरांचे. राग खरा होता, पत्ता चुकलेला होता.

दुसरा आक्षेप विनोदवाल्यांकडून येतो: 'अहो, गंमत होती, एवढे काय मनावर घेता?' टाळ्या पडताना हेच लोक निर्भीड सत्यवक्ते असतात आणि जाब विचारला की गरीब बिचारे विदूषक होतात. दोन्ही दगडांवर पाय चालणार नाही. आपल्या रंगमंचावर नि टीव्हीवर तोतरा, बहिरा, जाडी बायको, साडी नेसलेला पुरुष यांच्यावर किती वर्षे हशे वसूल झाले! त्यासाठी कुठे काच फुटली नाही, कारण तोतऱ्याची सेना नसते. भावना दुखावण्याचा निकष कसा चालतो ते इथे दिसते: ज्याच्यामागे माणसे, त्याच्याच भावनेला किंमत. 2025 साली स्नायूंच्या दुर्धर आजाराच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे काही विनोदकारांना अपंगांची थट्टा केल्याबद्दल जाहीर माफी मागायला सांगण्यात आले. हुकमाने आलेली माफी मला फिकीच वाटते. तरी त्या संस्थेने दगड उचलला नाही, अर्ज लिहिला, हे नोंदवून ठेवा. आणि असा विनोद भिकार आहे असे कोणी म्हटले, तर त्याला लगेच 'मुस्कटदाबी' म्हणू नका. टीका करणाऱ्यालाही तोंड आहे, तेही राज्यघटनेच्या त्याच 19व्या कलमाखाली.

या भाषणातले एखादे वाक्य उद्या उचलले जाईलच. जरूर उचला. मागची चार आणि पुढची चार वाक्ये सोबत न्या, आणि तरीही डोके तापलेच तर माझ्याकडे या. मांडववाल्याच्या खुर्च्यांना हात लावू नका, त्या भाड्याच्या आहेत.