हिवाळ्यातली पेटी आणि भावगीत



वऱ्हाडात थंडी उशिरा येते, पण आली म्हणजे ठाण मांडते. ज्या अकोल्याच्या उन्हाची वैशाखात धास्ती वाटते, तेच ऊन पौषात अंगावर घ्यावेसे वाटते. शेतावर हुरडा होतो, रात्री पऱ्हाटीची शेकोटी पेटते. मुख्य म्हणजे घरातला पंखा बंद होतो. गाणे ऐकायला वर्षातले हेच दोन महिने, असे माझे मत आहे. पंख्याच्या घरघरीखाली पेटी ऐकणे म्हणजे निव्वळ शिक्षा!

पेटीची शिफारस या जागेवरून करताना थोडे हसू येते. आकाशवाणीनेच 1 मार्च 1940 पासून तिला दार बंद केले होते. तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत आणि तिच्यात मींड निघत नाही, हे आक्षेप. रवींद्रनाथांचीही तिच्यावर मर्जी नव्हती. 1971 नंतर साथीपुरते दार किलकिले झाले. एकलवादनाला मात्र पुढेही कित्येक वर्षे तिष्ठत बसावे लागले.

आक्षेप खोटे होते का? नाही. पेटीत मींड नाहीच. पण एखाद्या रात्री तुळशीदास बोरकरांचे एकलवादन लावून पाहा. पी. मधुकरांचे हे शिष्य 2018 साली गेले; ध्वनिमुद्रणे आहेत. एक पट्टी सुटते न सुटते तोच बोट दुसरीवर येते, भात्याचा जोर किंचित ओसरतो, आणि नसलेली मींड कानाला भासते. जे वाद्यात नाही ते हातात आहे. मग गोविंदराव पटवर्धनांनी वाजवलेली नाट्यपदे ऐका. पद पाठ असेल तर पेटीतून शब्द ऐकू येतात. आमच्या घरी आई स्वयंपाकघरातून ते शब्द पुरवीत असे, ते निराळे.

शब्दच हवे असतील तर भावगीताकडे वळावे, आणि त्यासाठी आपल्याला वऱ्हाडाबाहेर जावे लागत नाही. मेहकरचे वकील ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली. मराठी भावगीताच्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात सारे रान उभे राहते. मागे वर्गात मी ती ऐकवली. पोरे चुळबूळ करीत होती, ती गप्प झाली. मेहकरकडच्याच एका मुलाने विचारले, “सर, हे कोण हो?” त्याच्या गावचा कवी त्याला ठाऊक नव्हता. चूक त्याची कशी म्हणावी? आम्ही मास्तरांनी सांगितले कधी?

आता या जुन्या तबकड्या नव्याने उतरवलेल्या स्वरूपात मोबाईलवरही मिळतात. पण मोबाईलच्या इवल्या भोंग्यावर ऐकू नका. पेटीचा खर्ज त्यात पार नाहीसा होतो. बऱ्यापैकी स्पीकर लाकडी टेबलावर ठेवा, आवाज बेताचा असू द्या. जेवणे आटोपल्यावर आधी ‘शीळ’ लावा, मग पेटी. शेजारी डोकावलाच तर त्याला आत घ्या; बाहेर फार गारठा असतो.