ग्रंथालय हातात आले, पण कोणाच्या?



मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतले चौथे. आज अनेक विद्यापीठांचे ग्रंथपाल मोबाईल ॲपच्या साहाय्याने तेच करीत आहेत. पुस्तक शिल्लक आहे की कोणी नेले, परत केव्हा करायचे, हे घरबसल्या कळते. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर २०१८ पासून सर्वांना खुले आहे. त्याचेही ॲप आहे आणि नोंदणीला पैसे पडत नाहीत.

परंतु घरात स्मार्टफोन एकच असेल तर तो कोणाकडे असतो? वडिलांकडे, नाहीतर मुलाकडे. जिला संध्याकाळी ग्रंथालयात बसू देण्यास आपण कचरतो, त्या कॉलेजच्या मुलीलाच या सोयीची गरज अधिक. फोनने मुली बिघडतात म्हणे! मग मुलगे बिघडत नाहीत काय? रोज रात्री तासभर तरी फोन तिला द्या.

आणि मुलींनो, ॲपवर पुस्तकाचे नुसते नाव दिसले, पाने उघडली नाहीत, तर गप्प बसू नका. ग्रंथपालांना विचारा, पुस्तक काढून ठेवायला सांगा.